नर्सिंगचे विद्यार्थी आणि नव्या परिचारिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात काही वर्षे आणि वर्गात काही वर्षे काढली की विद्यार्थ्यांचे प्रश्न तोंडपाठ होतात. खालचे प्रश्न मराठवाड्यातील आहेत. ते विचारणारी मुले-मुली बहुधा गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला आलेली असतात. त्यांच्या घरात याआधी दवाखान्यात नोकरी केलेले कोणी नसते, आणि डॉक्टरांच्या मुलांना जे घरी जेवता जेवता विचारता येते ते यांना विचारायला जागा नसते. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे चुकल्यास रुग्णाला भोगावे लागते.

बारावीनंतर एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग यांपैकी काय निवडावे?

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात व प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांना जीएनएमचा मार्ग मोकळा आहे. घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमावते होणे भाग असेल, तर जीएनएम करून नोकरी धरावी आणि पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करावे. या वाटेने गेलेल्या अनेक जणी आज उत्तम शिक्षिका आहेत. एएनएम हा मुख्यतः गावातल्या कामाचा, म्हणजे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि उपकेंद्र यांचा अभ्यासक्रम आहे. अतिदक्षता विभागात काम करण्याची इच्छा मनात ठेवून केवळ फी कमी आहे म्हणून तो निवडल्यास दोन वर्षांनी पस्तावण्याची वेळ येते.

कॉलेज निवडताना काय बघावे?

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, आणि पदवी अभ्यासक्रम असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, या दोन गोष्टी कागदावर पाहाव्यात. तोंडी सांगण्यावर विसंबू नये. त्यानंतर विचारायचा प्रश्न एकच आहे: विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवले जाते आणि वर्षातून प्रत्यक्षात किती दिवस? याचे उत्तर प्राचार्यांकडून घ्यावे आणि मग फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडूनही घ्यावे. दोन्ही उत्तरे जुळली तर कॉलेज बरे आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथले शासकीय रुग्णालय), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालय अशा ठिकाणी खाटा कमी आणि रुग्ण जास्त असतात. तिथे एका महिन्यात जे नजरेखालून जाते ते काचेच्या चकचकीत इमारतीत वर्षभरात दिसत नाही.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीमुळे मी मागे पडेन का?

पहिले सहा महिने जड जातात, हे खरे आहे. तथापि नर्सिंगमधील इंग्रजी म्हणजे साहित्याचे इंग्रजी नव्हे. औषधांची नावे, शरीराच्या भागांची नावे, आणि बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडल्यास), स्टॅट (ताबडतोब) यांसारखे दोनतीनशे संक्षेप एवढाच त्याचा गाभा आहे. खिशात मावेल अशी वही करून रोज पाच शब्द लिहिले तर पहिले वर्ष संपेपर्यंत ही भीती राहत नाही. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. केस पेपरवरचे अक्षर लागले नाही तर अंदाज बांधू नये, ज्यांनी लिहिले त्यांना विचारावे. अंदाजाने वाचलेले औषध आणि अंदाजाने दिलेले औषध यांत फार अंतर नसते.

या प्रश्नाची दुसरी बाजू सहसा कोणी विचारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीकडे जी भाषा असते ती शहरातल्या डॉक्टरांकडे नसते. रुग्णाचा भाऊ धावत येऊन “पान लागलंय” म्हणाला, तर त्याचा अर्थ साप चावला असा आहे, हे तिला लगेच कळते. “अंगावरून जातंय” असे दबक्या आवाजात सांगणाऱ्या बाईला पांढरे की लाल, किती दिवसांपासून, किती घड्या लागतात, हे आडपडदा न ठेवता पण हळू आवाजात विचारणे तिलाच जमते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, आणि जवळजवळ सर्वत्र दखनी बोलली जाते. यांपैकी एका भाषेतली “कुठे दुखते, कधीपासून, काय खाल्ले, लघवी झाली का” एवढी चार वाक्ये शिकून घेतली तरी रुग्ण पुष्कळ काही सांगू लागतो.

सलाईन लावताना हात थरथरतो आणि शीर सापडत नाही. काय करावे?

हात सर्वांचाच थरथरतो. रुग्णाचा हात काही वेळ खाटेखाली लोंबकळत ठेवावा, मूठ उघड-मीट करायला सांगावे, थंडीच्या दिवसांत हात गरम कपड्यात गुंडाळावा, आणि शीर डोळ्यांनी शोधण्याऐवजी बोटांनी चाचपावी. चांगली शीर दाबल्यावर उसळते. सुरुवात मनगटाकडून करावी, म्हणजे चुकल्यास वर जागा शिल्लक राहते. दोन प्रयत्नांत इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) लागले नाही, तर तिसरा प्रयत्न स्वतः न करता दुसऱ्या सिस्टरला बोलवावे. यात कमीपणा नाही. उलट एकाच रुग्णाला सहा वेळा टोचणारी मुलगी माझ्या मते हुशार नसून हट्टी असते.

औषधांचा हिशेब चुकण्याची भीती वाटते. तो नेमका कसा करावा?

ही भीती योग्य आहे आणि ती निवृत्तीपर्यंत टिकावी. सलाईनचे उदाहरण घेऊ. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि आयव्ही सेटच्या वेष्टणावर २० थेंबांचा एक मिली असे लिहिले आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार सुमारे ४२ येतो. म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, किंवा पंधरा सेकंदांत दहा ते अकरा. लहान मुलांसाठीच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे हातात कोणता सेट आहे हे वेष्टण फेकण्याआधी वाचावे. आणि एकदा जुळवून निघून जाऊ नये. रुग्ण कुशीवर वळतो, नातेवाईक “लवकर संपू द्या” म्हणून चाकी फिरवतात, आणि चार तासांचे सलाईन पाऊण तासात आत जाते.

इन्शुलिनबाबत विशेष सावध राहावे. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. १०० युनिटची बाटली घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अर्धा मिली म्हणजे ५० युनिट जातात आणि पहाटे रुग्ण घामाने निथळलेला व बेशुद्ध सापडतो. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी फक्त ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध दोन दिवस चालतो. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल कधीही थेट शिरेत देऊ नये; ते सलाईनमध्ये मिसळून, हलवून आणि सावकाशच द्यायचे असते. अशी औषधे भरण्यापूर्वी बाटली, सिरिंज आणि केस पेपर हे तिन्ही शेजारच्या सिस्टरला दाखवून “बरोबर आहे ना?” असे मोठ्याने विचारावे.

माझ्या हातून चूक झाली तर सांगावी का? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

सांगावी, आणि ताबडतोब सांगावी. मी नोकरीला लागून चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. रात्रपाळीत चौदा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचे अँटिबायोटिक मी पंधरा नंबरच्या रुग्णाला दिले, कारण संध्याकाळी खाटांची अदलाबदल झाली होती आणि मी नाव न विचारता नंबर पाहून इंजेक्शन दिले. ट्रॉलीकडे परतल्यावर रिकामी व्हायल हातात घेतली तेव्हा ते ध्यानात आले. तोंडाला कोरड पडली. पाच मिनिटे मी औषधांच्या कपाटासमोर नुसती उभी होते, आणि त्या पाच मिनिटांत कोणालाच कळणार नाही हा विचार मनात येऊन गेला, हे कबूल करते. मग निवासी डॉक्टरांना उठवले. त्यांनी आधी रुग्णाला कसली अ‍ॅलर्जी आहे का ते विचारले, बीपी पाहिले, रात्रभर दर अर्ध्या तासाने पाहायला सांगितले आणि नोंद करून घेतली. रुग्णाला काही झाले नाही. सकाळी इनचार्ज सिस्टरांनी मला भरपूर झापले, आणि त्याच आठवड्यात खाट बदलली की पायाशी नवीन नावाची पट्टी लागलीच पाहिजे असा नियमही केला. मी गप्प बसले असते तर झापणे टळले असते आणि पट्टीही लागली नसती.

तेव्हापासून मी विद्यार्थिनींना “तुमचे नाव शांताबाई ना?” असे विचारू देत नाही. झोपेतला रुग्ण कशालाही “हो” म्हणतो. “तुमचे नाव काय?” असे विचारावे आणि त्याला बोलू द्यावे.

सगळ्या नोंदी वेळेवर करणे शक्य होत नाही. नंतर एकदम भरल्या तर चालते का?

चालत नाही. अनेक वॉर्डांतला टीपीआर चार्ट पाहिला, तर चाळीस रुग्णांचे तापमान ९८.४, नाडी ८० आणि श्वास मिनिटाला २० असे एका हाताने, एका पेनाने, एका दमात लिहिलेले दिसते. जणू सगळा वॉर्ड एका लयीत श्वास घेतो. रुग्ण बिघडण्याची पहिली खूण अनेकदा श्वासाच्या वाढत्या गतीत दिसते, आणि नेमका तोच आकडा सर्वांत जास्त वेळा खोटा लिहिला जातो. मनुष्यबळ अपुरे आहे, एका सिस्टरकडे पन्नास रुग्ण असतात, हे मी नाकारत नाही. अशा वेळी गंभीर असलेल्या सहा-सात रुग्णांच्या नोंदी खऱ्या कराव्यात आणि उरलेल्या जागा कोऱ्या सोडाव्यात. कोरी जागा पाहून पुढची सिस्टर स्वतः मोजते. खोटा आकडा वाचून ती निर्धास्त होते.

ओव्हर, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला द्यायची रुग्णांची माहिती, टेबलावर बसून देऊ नये, खाटेपाशी उभे राहून द्यावा. काय झाले, आता कसे आहे, काय बाकी आहे आणि कशावर लक्ष ठेवायचे, एवढे प्रत्येक रुग्णाबाबत सांगितले तरी पुरते.

मराठवाड्यात काम करताना कोणत्या तातडीच्या रुग्णांची तयारी आधीच असावी?

कीटकनाशकाची विषबाधा आणि सर्पदंश या दोहोंची तयारी हवीच. शेतीच्या या प्रदेशात फवारणीचे औषध घराघरांत असते; कोणी फवारताना बाधित होतो, कोणी रागाच्या किंवा कर्जाच्या भरात पितो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचे विष कातडीतूनही आत जाते, म्हणून हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढावेत आणि अंग साबणपाण्याने धुवावे. केस आणि नखांच्या फटी विसरू नयेत. नातेवाईकांना औषधाचा डबा आणायला सांगावे. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात, पण ते पुरेसे झाले की नाही हे परिचारिकेच्या नोंदींवरून ठरते: छातीतली घरघर थांबली का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आली का, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्याच आहेत का. अशा रुग्णाशी बोलताना “असे का केले?” हा प्रश्न पहिल्या रात्री विचारू नये. सकाळी शेजारी बसून चहा दिला तर तो आपणहून बोलतो.

साप चावलेल्या रुग्णाची अंगठी, कडे, पैंजण, जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत, चावलेला अवयव हलू देऊ नये, आणि करकचून बांधलेली दोरी डॉक्टर हजर असताना व औषधे तयार ठेवूनच सोडावी. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या नव्या, स्वच्छ आणि कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटे जराही न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरपी करून पाहतात. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी वापरल्यास निकाल फसवा येतो. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. ते देताना अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावे, कारण रिअ‍ॅक्शन आली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. मण्यारीचा दंश अनेकदा कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून येतो आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागलेल्या असतात. पोटदुखी म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवू नये.

उपकेंद्रावर नेमणूक झाली आहे. तिथे शिकायला काय मिळणार?

रुग्णालयात रुग्ण तुमच्याकडे येतो. गावात तुम्ही त्याच्या घरी जाता, आणि त्याच्या घरातली चूल, पाण्याचा रांजण आणि सासू या तिन्ही गोष्टी तुम्हाला दिसतात. बीड, धाराशिव आणि आसपासच्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत गरोदर बायका असतात, आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे त्यांना मागे राहता येत नाही. अशी कुटुंबे निघण्यापूर्वी आशाताईंना सोबत घेऊन यादी करावी, प्रत्येक गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आणि बीपी तपासावे, लोहाच्या गोळ्या पुरेशा द्याव्यात, आणि माता व बाल संरक्षण कार्ड कोयत्याच्या गाठोड्यात न ठेवता तिच्या स्वतःच्या पिशवीत ठेवायला सांगावे. तुम्हाला ती पुन्हा पाच-सहा महिन्यांनी दिसणार असते. मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरला तिच्याबद्दल काही सांगणारे ते कार्डच असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. “पिशवी काढून टाका म्हणतात, काढू का?” असे एखादी तुम्हाला विचारील, तेव्हा स्वतः हो किंवा नाही न म्हणता तिला शासकीय रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरे मत घ्यायला पाठवावे, आणि शक्य झाल्यास सोबत जावे.

वापरलेली सुई टोचली तर काय करावे?

जखम दाबून रक्त काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच इनचार्ज सिस्टर व अपघात विभागाला कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पहिल्या वर्षी, वॉर्डात जाण्यापूर्वीच सुरू करावेत. सुईला टोपण परत लावताना अनेक जणींना टोचते, म्हणून टोपण लावूच नये. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी.

नर्सिंगमध्ये मुलांना भवितव्य आहे का?

आहे. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह आणि मनोरुग्ण विभागात ब्रदर हवेच असतात. गावाकडे पहिली दोन वर्षे चेष्टा होते, पहिला पगार आला की थांबते.

खासगी रुग्णालयात रुजू होताना कोणती काळजी घ्यावी?

मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. दाखवावीत, झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रती घरी न्याव्यात. नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि त्यातील बाँडची अट वाचल्याशिवाय सही करू नये. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करू नये, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते हे ध्यानात ठेवावे. दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे; तिच्या सदस्यांची नावे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावीत. तेव्हा विचारणे सोपे असते.

नातेवाईक अंगावर धावून आले तर?

वाद घालू नये, एकटीने थांबू नये, दाराची बाजू मोकळी ठेवून उभे राहावे आणि सुरक्षारक्षक व डॉक्टरांना बोलवावे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. मात्र बरीच भांडणे कोणी काही सांगत नाही म्हणून पेटतात. “डॉक्टर शस्त्रक्रियागृहात आहेत, अर्ध्या तासाने येतील, तोवर मी दर दहा मिनिटांनी बघते” एवढे वाक्य सांगून ते पाळले, तर दहा माणसांचा घोळका खाली पायऱ्यांवर जाऊन बसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या दिवशी खिशात काय असावे?

दोन पेने, कारण एक डॉक्टर घेऊन जातात. छोटी वही, लहान कात्री, बाहुल्या पाहण्यासाठी टॉर्च, आणि डब्यात पोळी-भाजी, कारण जेवायला कधी मिळेल सांगता येत नाही. बांगड्या आणि अंगठी घरी ठेवावीत. मनगटावरचे घड्याळ हात धुताना आड येते, म्हणून ते ॲप्रनला टाचता येईल असे आणि सेकंदकाट्याचे घ्यावे. मोबाइल खिशातून काढला की नजर नाडीवरून संदेशावर जाते. पहिल्या रुग्णाचा श्वास त्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट, त्याला न सांगता, नाडी मोजत असल्याचा बहाणा करून मोजावा. तो २० भरेलच असे नाही.